पोपटाला लीलोतरीचं पच्चक्खाण कोणी दिलं?



पर्युषण जवळ आलं की आपल्या फ्रीजचा खालचा कप्पा रिकामा व्हायला लागतो. कोथिंबीर संपवा, मेथी आज करून टाका, दुधी उद्या. आठ दिवस लीलोतरी बंद. मी स्वतः पाळते, त्यामुळे त्याबद्दल आज काही म्हणायचं नाही. म्हणायचं आहे ते बाल्कनीत टांगलेल्या पिंजऱ्याबद्दल. कारण नाशिकमधल्या आपल्या ओळखीच्या घरांत मी हे पाहते आहे, की ज्या दिवशी घरच्यांची भाजी बंद होते त्याच दिवशी पोपटाचीही होते. वाटीत सूर्यफुलाच्या बिया, थोडी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वर खाकऱ्याचा तुकडा. आणि पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं जातं, "आमचा मिठूसुद्धा पर्युषण पाळतो हं!"

मिठू काही पाळत नाही. मिठूला पर्याय नाही, एवढंच.

पच्चक्खाण म्हणजे काय ते स्थानकात बसणाऱ्या लहान मुलीलाही माहीत असतं. समोर वस्तू आहे, खाण्याची मुभा आहे, आणि तरी मी ठरवून ती सोडते. जिच्यासमोर वस्तूच ठेवली नाही, तिनं काय सोडलं? आपल्याकडे तिर्यंच जीवांनाही धर्माची दारं बंद नाहीत. मन असलेला पंचेंद्रिय तिर्यंच देशविरतीपर्यंत जाऊ शकतो, पाचव्या गुणस्थानापर्यंत, हे आपल्या शास्त्रात स्पष्ट आहे. पण चंडकौशिक सर्पाची कथा आठवा. तो भगवंतांच्या बोधानं स्वतः शांत झाला, बिळात तोंड घालून पडून राहिला, मुंग्या अंगावर आल्या तरी हलला नाही. त्याला कोणी टोपलीत कोंडून उपवास घडवला नव्हता. मेघकुमाराच्या आधीच्या भवातल्या हत्तीनं सशासाठी पाय वर धरून ठेवला, तोही त्याचा स्वतःचा निश्चय. पिंजऱ्यातल्या पोपटाच्या वाटीत काय पडेल ते तुम्ही ठरवता. त्यामुळे त्याच्या उपासाचं पुण्य तर नाहीच, उलट त्याचा हिशेब तुमच्या खात्यावर.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपान-निरोध. तोंडपाठ आहेत, पण म्हणताना डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकींच्या डोळ्यांसमोर बैलगाडी येते, कारण प्रवचनात उदाहरण बैलाचं असतं. आता एकदा पिंजरा आणून बघा. बंध म्हणजे कोंडणं. छविच्छेद म्हणजे अवयव कापणं. उडून जाऊ नये म्हणून पंखांची पिसं छाटतात ते यात बसतं की नाही, तुम्हीच सांगा. आणि अन्नपान-निरोध म्हणजे त्याचं खाणंपिणं अडवणं. पाचांतले तीन एका पिंजऱ्यात, आणि आपण त्याला जीवदया म्हणतो.

यावर एका काकूंनी मला विचारलं, "मग त्या कोथिंबिरीच्या जीवांचं काय? पोपटासाठी आम्ही लीलोतरी चिरायची?" प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. उत्तर असं. साधूंचं व्रत महाव्रत आहे, आपलं अणुव्रत. श्रावक-श्राविका संकल्पपूर्वक त्रस जीवांची हिंसा सोडतात. एकेंद्रिय जीवांच्या बाबतीत मर्यादा आणि जयणा पाळतात, पूर्ण त्याग त्यांना शक्य नसतो. म्हणून तर वर्षातले बाकीचे दिवस आपण भाजी चिरतो. आपल्या जिभेसाठी चिरतो. मग ज्याला आपणच कोंडलं आहे आणि जो स्वतः जाऊन पान तोडू शकत नाही, त्याच्या पोटासाठी चार काड्या तोडताना एकदम साधूंचा नियम कसा आठवतो? पंचेंद्रिय जीवाला आठ दिवस तडफडवून एकेंद्रियाची दया होत नाही. आणि ज्यांना त्या आठ दिवसांत हिरव्या पानाला हात लावायचाच नाही, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. त्यांनी पक्षी पाळू नये.

आठ दिवसांनी काय बिघडतं, असंही म्हणतात. आठच दिवस असते तर मी एवढं लिहिलं नसतं. बीज, पाचम, आठम, अकरस, चौदस या तिथी मोजा. काही घरांत पूर्ण चातुर्मास पालेभाजी बंद असते. म्हणजे चार महिने त्या पक्ष्याला बिया आणि डाळ. सूर्यफुलाच्या बीत चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. केवळ बियांवर जगणाऱ्या पोपटाच्या यकृतात चरबी साचते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडातली, नाकातली, श्वासनलिकेची आतली त्वचा जाड होते, चोचीच्या आत पांढरे चट्टे येतात, नाक चोंदतं, जंतूंना रस्ता मोकळा होतो. हे एका दिवसात दिसत नाही. पोपट बोलत राहतो, आपण हसत राहतो, आणि तीन-चार वर्षांनी एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी फुगून बसलेला असतो.

बाकीच्या जगात याला सोपा उपाय गाजर आणि रताळं. आपल्या घरात कंदमूळ येत नाही, आणायचीही गरज नाही. पण मग आपल्या पोपटाला अ जीवनसत्त्व मिळण्याचा मार्ग उरतो तो पानांचा, लाल भोपळ्याचा, पिकलेल्या पपईचा आणि लाल मिरचीचा. म्हणजे ज्या घरात कंदमूळ नाही त्या घरातल्या पोपटाला पालेभाजी इतरांपेक्षा जास्त लागते, कमी नाही. हे गणित कोणी करतच नाही.

आता औषधी पानांकडे येते, कारण दुसरा गोंधळ तिथे आहे आणि तो जास्त घातक आहे. "आयुर्वेदिक आहे, त्याचा काही अपाय नाही." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात जातं. पोपट शिंकला, घाला पाण्यात तुळशीच्या अर्काचे दोन थेंब. पिसं गळतायत, लावा कडुलिंबाचं तेल. मरगळ आहे, गुळवेलीचा काढा. मैत्रिणींनो, जरा वजन करा. आपल्या झाडांवर दिसणारा पोपट साधारण १२० ग्रॅमचा असतो. तुम्ही ६० किलोच्या असाल तर तुम्ही त्याच्या पाचशेपट. दोन थेंब अर्क त्याला देणं म्हणजे तुम्ही हजार थेंब घेणं, साधारण ५० मिलीची अख्खी बाटली. घ्याल एका घोटात? बजरीगर तर ३०-४० ग्रॅमचं, त्याचं गणित मांडूच नका.

फरक साधा आहे. पान हे अन्न. अर्क, तेल, काढा, चूर्ण, गोळी हे औषध. तुळशीची दोन-तीन पानं पोपटानं कुरतडली तर चांगलंच आहे, निम्मी तो खाली टाकतो. त्याच तुळशीचं तेल वेगळी वस्तू आहे. निलगिरीचं तेल, कापूर, कुठलंही सुवासिक तेल पिंजऱ्याजवळ नको. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसाला जोडून हवेच्या पिशव्या असतात, तो हवेतलं जे काही आहे ते आपल्यापेक्षा कितीतरी भरभर शोषतो. धूप आणि अगरबत्तीही त्याच खोलीत नको. आणि नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेनं आपल्याला काही कळायच्या आत पक्षी मरतो. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवायचाच नाही. कोरफडीचा पिवळा चीक रेचक असतो, इतक्या छोट्या जिवाला जुलाब म्हणजे मरणच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोपट आजार लपवतो. थव्यात जो अशक्त दिसतो त्याच्यावर शिकारी पक्ष्याची नजर पडते, म्हणून शक्य तेवढा वेळ तो धडधाकट असल्याचं सोंग करतो. पिसं फुगवून बसला, श्वासागणिक शेपटी खालीवर होऊ लागली, विष्ठेचा रंग बदलला, म्हणजे तो आधीच बराच आजारी आहे. त्या क्षणी काढ्याचा प्रयोग करत घालवलेले दोन दिवस हेच त्याच्या मरणाचं कारण होतं. शिवाय पोपटांना होणारा सिटॅकोसिस नावाचा आजार माणसालाही लागतो, न्यूमोनियासारखा. घरात लहान मूल किंवा सासूबाई-सासरे असतील तर तुळशीच्या भरवशावर राहू नका, पशुवैद्यांकडे जा. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर दर आठवड्याला पोपटाचं वजन करून लिहून ठेवा. दहावा हिस्सा कमी झाला तर त्याच दिवशी निघायचं.

तर मग द्यायचं काय? कोथिंबीर सर्वांत सोपी, देठांसकट, दोन-तीन काड्या. पुदिना, मेथी, शेपू, कढीपत्ता, शेवग्याचा पाला. शेवग्याच्या पाल्यात अ जीवनसत्त्वही आहे आणि कॅल्शियमही, आणि नाशिकला तो कुणाच्या ना कुणाच्या कुंपणाला असतोच. रोज तीच भाजी नको, आलटून पालटून. पालक, चुका, राजगिऱ्याचा पाला यांत ऑक्सॅलेट जास्त, ते कॅल्शियम बांधून टाकतं. पालक क्वचित एखादं पान, आणि अंडी घालणाऱ्या मादीला नकोच. टोमॅटोचं आणि बटाट्याचं फळ-कंद सोडा, त्यांची पानं विषारी असतात. कुंडीत टोमॅटो लावला असेल तर पिंजरा तिथून लांब. हिरवी मिरची खुशाल द्या. आपल्याला जे तिखट लागतं ते पक्ष्यांना लागतच नाही, त्यांच्या मज्जातंतूंवर त्या द्रव्याचा परिणाम होत नाही. मिरचीचं बी दूर पेरायचं काम निसर्गानं पक्ष्यांकडेच दिलं आहे. पण कच्ची मिरची. वडापावबरोबरची तळून मीठ लावलेली नव्हे.

पान धुण्याबद्दल दोन शब्द जास्त. पंचवटीतल्या बाजार समितीत कोथिंबिरीच्या जुड्यांचा लिलाव शेकड्यावर होतो, रात्रीतून गाड्या मुंबईला जातात. अशा मालावर फवारणी नसेल असं समजणं भोळेपणा आहे. द्राक्षाचं तर विचारूच नका. डावण्यासाठी मोरचूद-चुन्याची फवारणी द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येकीनं पाहिलेली आहे, आणि ती एकच नसते. पुन्हा तोच पाचशेपटीचा हिशेब: आपल्याला न जाणवणारा अंश त्याला पुरेसा असतो. म्हणून जुडी सोडून, पान पान निवडून, गाळलेल्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या. निवडण्याचं काम आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात मेथीच्या पानामागची अळी आपण ज्या नजरेनं शोधतो त्याच नजरेनं पोपटाचं पान पाहायचं, अळी अलगद बाजूला ठेवायची. सगळ्यांत उत्तम म्हणजे खिडकीत दोन कुंड्या, एकीत धणे, एकीत मेथी, औषध न मारता. सकाळी पान द्यायचं, दोन-तीन तासांत उरलेलं काढून टाकायचं, उन्हाळ्यात तासाभरातच. सूर्यास्तानंतर वाटी रिकामी असली तरी चालते. चौविहार मात्र पोपट जन्मतःच पाळतो, अंधारात तो खात नाही.

"आमच्याकडचं सगळं जैनच असतं, त्यामुळे पोपटाला काहीही चालतं." हा तिसरा गैरसमज. निम्मा बरोबर आहे: कांदा-लसूण पक्ष्यांना खरोखर विषारी, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि तो धोका आपल्या ओट्यावर नाही. पण ॲव्होकॅडो कंदमूळ नाही. हल्ली कॅफेत कांद्याशिवायचं "जैन ग्वाकामोले" मिळतं, डब्यात उरलेलं घरी येतं, नातवंडं लाडानं बोट पुढे करतात. ॲव्होकॅडोतलं पर्सिन नावाचं द्रव्य पक्ष्याच्या हृदयावर जातं आणि तो एक-दोन दिवसांत दगावू शकतो. चॉकलेटही जैन, चहाही जैन, दोन्ही त्याला विष. खाकरा, चिवडा, शेव यांतलं मीठ त्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. बुरशी धरलेला शेंगदाणा तर कोणालाच देऊ नये.

आणि उलटही होतं. वड, पिंपळ, उंबर यांची फळं आपल्याला अभक्ष्य, त्यात त्रस जीव असतात म्हणून. गोदाकाठच्या झाडांवरचे रानातले पोपट तीच फळं खातात, तोच त्यांचा आहार. आपली भक्ष्य-अभक्ष्याची यादी ही आपल्या साधनेसाठी आहे. ती पोपटाच्या आहाराची यादी नाही. मी त्याला उंबर आणून द्या म्हणत नाही. पण त्यानं तो खाल्ला म्हणून तो पापी, आणि बिया खातो म्हणून धर्मात्मा, हे बोलणं बंद करा.

एवढं सगळं सांगितल्यावर जे मुळात बोलायला हवं ते बोलते. हिरवा, गळ्यात लाल-काळी कंठी असलेला आपला पोपट आणि खांद्यावर लाल डाग असलेला, ज्याला विकणारे पहाडी म्हणतात तो मोठा पोपट, हे दोन्ही घरात ठेवणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि शिक्षा आणखी कडक झाली. "आमच्याकडे वीस वर्षांपासून आहे" ही सबब कायद्यात चालत नाही. ही पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढलेली असतात, वाटेत कितीतरी मरतात, आणि पर्युषणात "जीव सोडवायचा" म्हणून आपलेच लोक पिंजरे विकत घेऊन पक्षी उडवतात, तेव्हा पारध्याला पुढच्या हंगामाची सुपारी मिळते. दिलेल्या पैशात अभयदान एकाचं, आणि जाळं दहांवर.

हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात पंधरा कर्मादानांचं विवेचन केलं. श्रावकानं जे धंदे करू नयेत त्यांतला एक असतीपोषण, आणि तिथे पैशासाठी पाळायला मनाई केलेल्या प्राण्यांत मैना आणि पोपट यांची नावं घेऊन उल्लेख आहे. कोणी म्हणेल, आम्ही विकत नाही, विकत घेतो. करणं, करवणं आणि अनुमोदणं, तीन करणं आपणच मोजतो ना? नेमिनाथ भगवंतांनी लग्नाच्या वाटेवर वाड्यांत आणि पिंजऱ्यांत कोंडलेले जीव पाहिले आणि रथ वळवला. त्यांच्या जन्मकल्याणकाला मिठाई वाटणाऱ्या घराच्या दारात पिंजरा टांगलेला असतो, आणि त्याच्या शेजारून आपण स्थानकात जातो.

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. तिथे बरा झालेला पक्षी मोकळा सोडण्याची रीत आहे. आपल्याकडे पांजरपोळ आहे, गायीसाठी आपण हात सैल सोडतो. पोपटासाठी मात्र जीवदया म्हणजे पितळी पिंजरा आणि त्यावर कोरलेला नवकार.

पण हे वाचून कोणी उद्या गच्चीवर जाऊन दार उघडू नका. लहानपणापासून पिंजऱ्यात असलेल्या पोपटाच्या पंखात ताकद नसते, अन्न शोधता येत नाही, घारीची ओळख नसते. कावळे आणि मांजरं त्याला संध्याकाळही पाहू देत नाहीत. तो वनविभागाच्या ताब्यात द्यायचा; १९२६ हा वनविभागाचा मदतीचा क्रमांक आहे. स्वतःहून देणाऱ्याशी बोलणं सोपं असतं, कोणी तक्रार केल्यावर अवघड. ज्यांच्याकडे बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड असे परदेशी पक्षी आहेत त्यांना देशी पोपटाचा हा कायदा लागत नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव अशा जाती असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी आवश्यक आहे. पण बंध हा अतिचार परदेशी पक्ष्याला लागू नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. आहेत ते मरेपर्यंत नीट सांभाळा, नवीन आणू नका.

यंदाच्या पर्युषणात ज्यांच्या घरी असा पक्षी आहे त्यांच्यासाठी. व्रत घेतलेलीनं चिरायचं नसेल तर घरातल्या ज्याचं व्रत नाही त्याच्याकडे, किंवा शेजारच्या मराठे वहिनींकडे, आठ दिवस सकाळची वाटी सोपवा. आधी शिकवून ठेवा: कोथिंबिरीच्या तीन काड्या, मेथीची पाच-सहा पानं, लाल भोपळ्याची बोटभर फोड, एक मिरची. बिया एका लहान चमच्यापेक्षा जास्त नाहीत. पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचं, उकळून गार केलेलं चालतं, त्यात काहीही घालायचं नाही. तुळससुद्धा नाही.